जुहू–बेल्लारी रेघेखालून

भारताचा नकाशा पसरावा, मुंबईतील जुहू आणि कर्नाटकातील बेल्लारी या दोन ठिकाणांना टेकवून पट्टी ठेवावी आणि पेन्सिलीने एक रेघ ओढावी. ही रेघ मुंबईचे बंदर ओलांडते, मुळशीच्या बाजूने सह्याद्रीवर चढते आणि वेल्ह्याच्या मुलखात शिरते. तोरणा आणि राजगड तिच्या उजव्या हाताला राहतात, भोर डाव्या हाताला. मग नीरेचे खोरे ओलांडून ती आग्नेयेकडे निघून जाते. १९३२ साली हा सारा मुलूख पंतसचिवांच्या भोर संस्थानात होता. संस्थानाचे पाच तालुके, त्यांपैकी चारांची नावे किल्ल्यांवरून पडलेली. तोरण्याच्या परिसराला ‘प्रचंडगड’ तालुका म्हणत. अलीकडे वेल्हे तालुक्याला ‘राजगड’ हे नाव देण्याचा निर्णय झाला, तेव्हा त्या जुन्या रीतीचेच एक प्रकारे पुनरुज्जीवन झाले म्हणायचे.

या रेघेचे महत्त्व असे, की भारतातील नियमित नागरी विमानसेवेच्या पहिल्या दिवसाचा ती एक भाग आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला ‘पस मॉथ’ जातीचे विमान आणले. इम्पीरियल एअरवेजने लंडनहून कराचीपर्यंत पोचवलेल्या टपालापैकी सुमारे २५ किलोंची पिशवी त्यात होती. जुहूहून पुढे ते टपाल घेऊन नेव्हिल व्हिन्सेंट बेल्लारीला आणि दुसऱ्या दिवशी मद्रासला गेला. जुहू ते बेल्लारी हे अंतर सरळ रेघेत सहाशे किलोमीटरांहून थोडे अधिक. वैमानिकाला जमिनीवरून वाट दाखवणारी कोणतीही यंत्रणा त्या काळी या मार्गावर नव्हती. डोंगर, नद्या, रेल्वेचे रूळ पाहत वाट काढायची. घाटमाथ्यावरचे किल्ले ही तर अशा प्रवासात आयतीच खूण. गोनीदांच्या पायांना जे किल्ले ठाऊक होते, त्यांच्याकडे आकाशातून ‘वाटेवरचा मैलाचा दगड’ म्हणून पाहणारी माणसे त्याच शतकात निर्माण झाली, ही गोष्ट मला फार मौजेची वाटते.

पस मॉथ हे विमान म्हणजे लाकूड, पोलादी नळ्या आणि कापड यांचे एक बंदिस्त खोके. एक इंजिन, वर एक पंख, आत वैमानिक आणि फार तर एकदोन माणसे. तरीही ते प्रवासी विमान होते. पहिल्या वर्षात टाटांच्या या सेवेने १,६०,००० मैल उड्डाण केले, पावणेदहा टनांच्या आसपास टपाल वाहिले आणि १५५ उतारू नेले. ६०,००० रुपये नफाही झाला. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, तेव्हा सगळा संसार (दोन विमाने आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके यंत्रज्ञ) उचलून पुण्याला आणत आणि येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावरून सेवा चालवत. म्हणजे चार महिने भारताची विमानसेवा पुणेकर होती. पुण्याच्या अभिमानस्थळांच्या यादीत हे कुठे आढळत नाही. बहुधा त्यात वाद घालण्याजोगे काही नसल्यामुळे.

आता प्रश्न असा, की ज्या जातीच्या विमानाने हे सारे सुरू झाले ते कुठे पाहायला मिळते? स्कॉटलंडमधील ईस्ट फॉर्च्यून येथील राष्ट्रीय विमान संग्रहालयात एक पस मॉथ आहे. त्याच आवारात ध्वनीपेक्षा वेगवान ‘कॉन्कॉर्ड’ही आहे. एका आवारात दोन टोके. जे. आर. डीं.नी १९८२ साली, वयाच्या ७८व्या वर्षी, तेच कराची–मुंबई उड्डाण पुन्हा एकट्याने केले, तेही द हॅविलँड घराण्याच्याच जुन्या एकइंजिनी विमानातून. जतन म्हणजे काय हे त्या माणसाला कळत होते, असे यावरून म्हणता येते. त्याने वस्तू जपण्याऐवजी कृती जपली, इतकेच.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याची शिल्लक राहिलेली डाकोटा विमाने भारतात स्वस्तात विकली गेली आणि एकाएकी कंपन्यांचे पीक आले. त्या काळातील सर्वांत सुंदर कल्पना नागपूरची होती. ३० जानेवारी १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार ठिकाणांहून रोज रात्री एकेक डाकोटा निघे, चारही नागपूरला मध्यरात्री भेटत, टपालाच्या पिशव्या आणि उतारू यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत चारही विमाने आपापल्या घरी परतत. भोरहून मद्रासला टाकलेले पत्र या मार्गाने गेले तर मध्यरात्रीच्या नागपुरात त्याचे विमान बदलत असे. पुढे १ ऑगस्ट १९५३ रोजी आठ कंपन्यांचे विलीनीकरण होऊन इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन झाले. त्याच्या वाट्याला ९९ विमाने आली, त्यांत ७४ डाकोटा. या चौऱ्याहत्तरांनी पुढची दहा-पंधरा वर्षे अर्ध्या देशाला पहिला विमानप्रवास घडवला. कापसाचे बोळे कानात घालून, लिमलेटची गोळी चघळत, ढगांत हेलकावे खात.

या डाकोटांपैकी आज आपल्याला आवर्जून दाखवल्या जातात त्या कोणत्या, हे पाहण्यासारखे आहे. बिजू पटनाईक यांच्या कलिंग एअरलाइन्समधील एक डाकोटा कोलकात्याच्या विमानतळावर कित्येक वर्षे पडून होती. २०२३च्या जानेवारीत तिचे भाग सुटे करून ट्रकांवरून ती भुवनेश्वरला नेली, जोडली आणि मार्चमध्ये विमानतळाजवळ लोकांसाठी खुली केली. इंडोनेशियाच्या नेत्यांना १९४७ मध्ये जाकार्ताहून सोडवून आणणाऱ्या बिजूबाबूंच्या साहसाशी ती जोडलेली आहे. दुसरी ‘परशुराम’. तिला व्हीपी ९०५ हा क्रमांक दिला आहे, तो २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला उतरलेल्या डाकोटाचा. ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन २०१८ साली ती उडत भारतात आली आणि वायुसेनेच्या वारसा ताफ्यात दाखल झाली. दोन्ही गोष्टी स्तुत्यच आहेत. पण दोन्हींत विमान टिकले ते विमान म्हणून नव्हे. एकात थोर पुरुषाचे वाहन म्हणून, दुसऱ्यात युद्धाचे स्मारक म्हणून. शिवछत्रपतींचा पदस्पर्श झाला म्हणून एखाद्या दगडाला शेंदूर लागावा, तसे. जिच्यात बसून कोणी एक कारकून बदलीच्या गावी गेला आणि कोणी एक सासुरवाशीण बाळंतपणाला माहेरी आली, त्या बहात्तर-त्र्याहत्तर डाकोटांना शेंदूर लागण्याचे कारणच नव्हते.

प्रवासी विमानाच्या इतिहासलेखनातली ही मूळचीच अडचण आहे. विमानाने आपले काम चोख केले तर त्याच्याविषयी सांगण्यासारखे काही उरत नाही. एअर इंडियाच्या कोणत्या विमानांची नावे आपल्याला पाठ आहेत? ‘मलबार प्रिन्सेस’, ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनला पहिले आंतरराष्ट्रीय उड्डाण तिने केले खरे, पण ती आठवते ती ३ नोव्हेंबर १९५० रोजी माँ ब्लाँ पर्वतावर आदळली म्हणून. ‘काश्मीर प्रिन्सेस’, १९५५, बॉम्बस्फोट. ‘कांचनजंगा’, २४ जानेवारी १९६६, पुन्हा माँ ब्लाँ, ११७ मृत्यू, त्यांत होमी भाभा. ‘सम्राट अशोक’, १ जानेवारी १९७८, वांद्र्याच्या समुद्रात, २१३ मृत्यू. ‘कनिष्क’, २३ जून १९८५, ३२९. जी पडली त्यांची नावे राहिली. वीस-वीस वर्षे रोज सुखरूप उतरत राहिलेल्यांना नाव नाही. एअर इंडियाने १९८८ साली घेतलेल्या दोन ७४७-३०० विमानांपैकी एकाचे नाव ‘शिवाजी’ होते, हे आज महाराष्ट्रात किती जणांना ठाऊक असेल? नावांवरून इतके रणकंदन करणारा आपला प्रांत, आणि त्या नावाचे विमान सेवेतून गेले तेव्हा त्याला जपावे असे कोणाच्या तोंडून निघाले नाही. तेही सुखरूप उतरत राहिले होते ना.

याला एक विचित्र पुरवणी आहे. पडलेली विमाने निसर्गच जपतो. माँ ब्लाँच्या बॉसों हिमनदीतून ‘मलबार प्रिन्सेस’ आणि ‘कांचनजंगा’ यांचे अवशेष अजून बाहेर येत असतात. २०१२ मध्ये राजनैतिक टपालाची पिशवी सापडली, २०१३ मध्ये एका गिर्यारोहकाला पाचू आणि नीलम यांची पेटी मिळाली (ती त्याने प्रामाणिकपणे पोलिसांकडे दिली आणि २०२१ मध्ये निम्मा वाटा त्याला मिळाला), २०२० मध्ये इंदिरा गांधींच्या निवडीच्या बातमीची १९६६ची वर्तमानपत्रे वर आली. चौपन्न वर्षांनी, वाचता येण्याजोगी. आपल्या सह्याद्रीत बर्फ नाही. ७ जुलै १९६२ रोजी मुंबईकडे येणारे अलितालियाचे डीसी-८ विमान याच पुणे जिल्ह्यात, जुन्नरच्या डोंगरावर आदळले आणि ९४ जण गेले. मुंबई जवळ आली अशा समजुतीने वैमानिकाने वेळेआधीच उंची कमी केली होती. सह्याद्री चार महिने धुऊन काढतो आणि आठ महिने वाळवतो. त्याच्या हवाली केलेली धातूची वस्तू फार काळ राहत नाही.

नागपूरचे उदाहरण याहून बोधक आहे. १९९१च्या जुलैमध्ये एका खासगी कंपनीचे बोईंग ७२० हे विमान बिघाडामुळे नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरले आणि तिथेच राहिले. एक-दोन वर्षे नव्हे, चोवीस. बोईंग ७२० ही ७०७ची आखूड, हलकी बहीण. अशी विमाने एकूण १५४च बनली. म्हणजे दुर्मिळ वस्तू म्हणून विचार केला तर जगातल्या कोणत्याही विमान संग्रहालयाने दखल घ्यावी असे ते धूड. ज्या नागपुरात मध्यरात्री चार डाकोटा भेटत असत तिथेच ते धावपट्टीलगत उभे होते. पण चोवीस वर्षांत त्याच्याविषयीचा प्रश्न एकच राहिला : हा अडथळा दूर कसा करायचा? मालक दाद देईना, विमानतळाला हात लावता येईना. अखेर २०१५ मध्ये ते धावपट्टीजवळून हलवले. ‘बेवारस’ हा शब्द त्या वेळच्या बातम्यांत सररास होता. वारसा आणि बेवारस यांत फक्त एका अक्षराचे अंतर आहे, असे कोणी म्हणेल. पण तो शब्दखेळ झाला. खरे अंतर आहे ते कागदपत्रांचे. विमानाचा मालक कोण, त्यावर कर्ज कोणाचे, विमानतळाचे भाडे किती थकले, सीमाशुल्क भरले का, एवढे प्रश्न सुटल्याशिवाय कोणतेही संग्रहालय त्याला हात लावू शकत नाही. ते सुटेपर्यंत विमान कुजते. किंगफिशर २०१२ मध्ये आणि जेट २०१९ मध्ये बंद पडल्यावर मागे राहिलेल्या विमानांचेही असेच झाले.

आता जम्बो. १८ एप्रिल १९७१ रोजी पहिले बोईंग ७४७ मुंबईला उतरले. त्याच्या प्रत्येक खिडकीभोवती राजस्थानी झरोक्याची कमान रंगवलेली होती. एका अजस्र यंत्राला हवेलीचे रूप देण्याची ही कल्पना आजच्या अभिरुचीला कदाचित भडक वाटेल, मला ती अजून आवडते. आखाती देशांत कामाला गेलेला रत्नागिरीचा सुतार, न्यू जर्सीला शिकायला निघालेला सदाशिव पेठेतला मुलगा, पहिल्यांदाच नातवंडे पाहायला निघालेली साठीची आजी, या सर्वांनी त्या कमानीतून खाली पाहिले आहे. परदेशस्थ मराठी कुटुंबांच्या आठवणी ऐकाव्यात, त्यांत लोणच्याची बरणी, वजनकाट्यावरची घालमेल आणि सहारचा निरोपाचा कठडा असतो. विमान मात्र ‘एअर इंडियाचे विमान’ एवढ्यावरच आटोपते. आणि तरी त्या पिढीच्या आयुष्याचे दोन भाग जिथे सांधले गेले ती जागा म्हणजे त्या विमानाचा तो ४०-५० इंच रुंद दरवाजा.

ताफ्यातील शेवटच्या चार ७४७-४०० विमानांची विक्री होऊन ती एकामागून एक अमेरिकेला गेली. ‘आग्रा’ नावाचे शेवटचे विमान २२ एप्रिल २०२४ रोजी मुंबईहून निघाले. उडाल्यावर वैमानिकाने एकदा डावा, एकदा उजवा पंख झुकवला. चित्रफीत लाखो लोकांनी पाहिली, हळहळ व्यक्त झाली. एअर इंडियाचे एकही जम्बो आज कोणत्याही संग्रहालयात उभे नाही.

तुलना करावीशी वाटते ती याच कंपनीच्या दुसऱ्या वारशाशी. एअर इंडियाने पन्नाशीच्या दशकापासून चित्रे, शिल्पे, वस्त्रे जमवली. चार हजारांहून अधिक कलाकृती झाल्या. २७ जानेवारी २०२२ रोजी कंपनी पुन्हा टाटांकडे गेली, तेव्हा हा संग्रह व्यवहारातून बाहेर ठेवून सरकारने आपल्याकडे घेतला आणि २०२३ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्याचे प्रदर्शनही झाले. नरिमन पॉइंटची इमारत महाराष्ट्र शासनाने १,६०१ कोटी रुपयांना घेतली. चित्रे वाचली, इमारत वाचली. बॉबी कूका आणि उमेश राव यांनी १९४६ साली घडवलेला महाराजा तर अमर आहेच. ज्या यंत्रासाठी हा सगळा बडेजाव होता ते तेवढे गेले. कारण चित्र ही कला, इमारत ही स्थावर मालमत्ता, आणि विमान? विमान हे हिशेबाच्या वहीत दरवर्षी घसारा लावून शून्यावर आणायचे जंगम.

बाहेर काय झाले ते थोडक्यात पाहू. ब्रिटिश एअरवेजने २००३ मध्ये कॉन्कॉर्ड निवृत्त करताना शिल्लक असलेली सातही विमाने ब्रिटन, अमेरिका आणि बार्बाडोस येथे ठेवण्यासाठी दिली. एकूण बनलेल्या वीसांपैकी अठरा आज शाबूत आहेत. अर्थात कॉन्कॉर्ड ही उडणारी उमराव होती, तिचे उदाहरण सर्वसामान्य विमानाला लागू नाही. मला अधिक महत्त्वाची वाटतात ती दुसरी उदाहरणे. अटलांटाच्या डेल्टा कंपनीतील कामगारांनी १९८२ मध्ये पगारातून वर्गणी काढून कंपनीला एक बोईंग ७६७ भेट दिले. ते तेवीस वर्षे चालले आणि २००६ मध्ये निवृत्त झाल्यावर कंपनीच्या संग्रहालयात उभे राहिले. कांतासचे पहिले बोईंग ७०७ इंग्लंडमधील साउथएंडला कुजत पडले होते. ऑस्ट्रेलियातील निवृत्त यंत्रज्ञ तिथे जाऊन महिनोन्‌महिने राबले आणि २००६ मध्ये ते उडवत घरी घेऊन गेले. म्हणजे विमाने वाचली ती सरकारी धोरणामुळे नव्हे, तर ज्यांचे हात त्या इंजिनांच्या तेलाने काळे झाले होते त्या माणसांच्या हट्टामुळे. सांताक्रूझच्या आणि कलिन्याच्या हँगरांत आयुष्य घालवलेली अशी माणसे आपल्याकडे कमी नव्हती, त्यांत मराठी माणसेही भरपूर. त्यांना हट्ट धरण्याची जागा कोणी दिली नाही.

यात एक तांत्रिक मेख आहे, ती सांगितलीच पाहिजे. ७४७-४०० सुमारे ७० मीटर लांब, पंखांच्या टोकापासून टोकापर्यंत ६४ मीटर. भोर आगारातल्या सहा एस.ट्या एकामागे एक लावल्या तर तिची लांबी होते. हे धूड रस्त्याने न्यायचे तर पंख कापावे लागतात, आणि पंखांची मुख्य तुळई एकदा कापली की जोडलेले विमान हे दाखवण्यापुरतेच. के.एल.एम.चे एक जम्बो २०१९च्या फेब्रुवारीत ॲमस्टरडॅमच्या विमानतळावरून शेतांतून, हमरस्ता बंद करून, साडेबारा किलोमीटर ओढत एका हॉटेलच्या बागेत नेले. पण त्या देशात डोंगर नाही. त्यापेक्षा शहाणपणाचा मार्ग म्हणजे विमान उडण्याच्या अवस्थेत असतानाच त्याचे अखेरचे उड्डाण संग्रहालयाकडे करायचे. ८ मार्च २०१५ रोजी कांतासचे ‘सिटी ऑफ कॅनबेरा’ सिडनीहून काही मिनिटांचे उड्डाण करून इलावराच्या लहानशा धावपट्टीवर उतरले, ते तिथल्या संग्रहालयातच राहिले. म्हणजे निर्णय निवृत्तीच्या आधी व्हावा लागतो. परवाना संपला, इंजिने उतरवली, सुटे भाग दुसऱ्या विमानांसाठी काढून घेतले, की मग उरतो तो सांगाडा. त्यानंतर जतनाची समिती नेमणे म्हणजे तेराव्याला वैद्य बोलावणे.

आणि जागेवर आणल्यावरही काम संपत नाही. ॲल्युमिनियम गंजत नाही ही समजूत खोटी आहे. खारी हवा, साचलेले पाणी आणि पोलादी खिळ्यांशी संपर्क यांनी ते आतून पोखरले जाते. खिडक्यांचे ॲक्रिलिक उन्हाने तडकते, रबराच्या पट्ट्या वाळतात, चाकांच्या खाचांत पक्षी घरटी करतात. छताखाली न ठेवलेले विमान कोकणपट्टीत वा घाटमाथ्यावर किती वर्षे काढेल हे वेल्ह्याच्या कोणत्याही घरमालकाला विचारावे, पत्रा दर किती पावसाळ्यांनी बदलतो ते तो सांगेल. मुंबईला या कामाचा एक अनुभव येऊन गेला आहे. विमानवाहू ‘विक्रांत’ २००१ पासून संग्रहालय म्हणून लोकांना पाहता येई, २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणाने बंद झाली, २०१४ मध्ये सुमारे ६० कोटींना भंगारात गेली. तिच्या पोलादाच्या अंशापासून पुण्याच्या बजाजने २०१६ मध्ये मोटारसायकल काढली. युद्धनौकेची ही गत, तिथे प्रवासी विमानाचा पाड काय?

तरी मला वाटते, हे केवळ पैशाचे वा हवामानाचे प्रकरण नाही. काय जपण्याजोगे, याविषयीच्या आपल्या कल्पनेचेही आहे. भोर-वेल्हे हा भाग जतनाच्या बाबतीत कोरडा नाही. राजगडाचे बुरूज पुन्हा बांधले जातात, तोरण्यावर दर रविवारी लोक टाकी उपसतात. भोरचा राजवाडा चित्रपटवाल्यांच्या येण्याजाण्याने का होईना, नांदता आहे. भाटघरच्या पाण्याखाली गेलेले कांबरेश्वराचे मंदिर उन्हाळ्यात वर येते तेव्हा माणसे मुद्दाम पाहायला जातात. पण याच भागातील माणसाला पुण्या-मुंबईला नेणारी लाल एस.टी. (जिची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला सुटली) भंगारात जाताना कोणाला काही वाटत नाही. राजाची पालखी संग्रहालयात, प्रजेची गाडी भंगारात. विमान हे या दुसऱ्या कोटीतले. त्याचे तिकीट महाग होते म्हणून ते श्रीमंती वाटते, इतकाच फरक.

पुण्यात या समजुतीला छेद देणारा एक माणूस होऊन गेला. दिनकर गंगाधर केळकर. त्यांनी अडकित्ते, दिवे, कुलपे, वज्री, दरवाजे, स्वयंपाकघरातली भांडी जमवली. ज्यांच्या मालकाचे नाव कोणालाच ठाऊक नाही अशा वस्तू. १९६२ मध्ये त्यांनी हा संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. शिवाय कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष उचलून आणून संग्रहालयात पुन्हा उभे केले. म्हणजे सुटे करणे, वाहून आणणे आणि जोडणे हे तंत्रही मराठी संग्रहालयाला अपरिचित नाही. केळकरांच्या दृष्टीने पाहिले तर झरोक्याच्या कमानीची एक खिडकी, तीन आसनांची एक रांग, जेवणाच्या ट्रॉलीचे एक कपाट, ज्याच्यावर लाखो माणसांचे पाय पडले तो दाराजवळचा एक पत्रा, एवढेही पुरेसे आहे. पूर्ण विमानाचा अट्टहास धरून काहीच न मिळण्यापेक्षा हे बरे. परदेशातील कित्येक संग्रहालयांनी नुसता नाकाडाचा भाग, वैमानिककक्षासह, ठेवला आहे आणि मुलांची गर्दी तिथेच असते.

आपल्याकडे निवृत्त विमानांना मिळणारा पुनर्जन्म बहुधा उपाहारगृहाचा. लुधियान्यात एका एअरबस ३२०चे भोजनगृह झाले. विमानांचे सांगाडे लिलावात विकले जातात, लांबलचक ट्रेलरवर चढतात आणि वाटेत पुलाखाली अडकतात. २०१९ मध्ये दुर्गापूरला, २०२१ मध्ये दिल्लीत, २०२२ मध्ये आंध्रात, २०२३ च्या अखेरीस मुंबईहून आसामकडे जाणारे एक बिहारमध्ये मोतिहारीला. टायरांची हवा काढून ते सोडवतात. लोक छायाचित्रे काढतात, हसतात. मी या उपाहारगृहांना नावे ठेवणार नाही. छोले-भटुरे खाताना का होईना, एखाद्या मुलाचा हात त्या गोल भिंतीला लागतो.

याच काळात एक वेगळी बातमी आली. एअर इंडियाचे एक बोईंग ७३७-२०० कोलकात्याच्या विमानतळावर २०१२ पासून उभे होते आणि कंपनीच्या नोंदींतूनच ते निसटले होते. विमानतळाने ते हलवा म्हणून कळवले, तेव्हा मालकाला आपल्याकडे असे एक विमान आहे याचा पत्ता लागला. १९८२ साली इंडियन एअरलाइन्समध्ये आलेले, आधी उतारू, नंतर भारतीय डाक विभागाचे टपाल वाहिलेले हे विमान. तेरा वर्षे उन्हापावसात काढल्यावर नोव्हेंबर २०२५ मध्ये ते रस्त्याने बंगळूरला रवाना झाले. तिथे नवे यंत्रज्ञ त्याची झाकणे उघडून आतल्या तारा आणि नळ्या ओळखायला शिकणार आहेत.